रस्तामार्गे व्यापारी मालवाहतूक

रस्तामार्गे व्यापारी मालवाहतूक म्हणजे विक्रीसाठी, प्रक्रियेसाठी किंवा निर्यातीसाठी असलेला माल ट्रक, टेम्पो, ट्रेलर यांसारख्या वाहनांतून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. भारतातील देशांतर्गत मालवाहतुकीपैकी सुमारे ७० टक्के वाहतूक आज रस्त्याने होते. कारखान्याच्या किंवा शेताच्या दारात भरलेला माल मध्ये कोठेही न उतरविता थेट ग्राहकाच्या दारात पोहोचतो, हे तिचे मुख्य कारण आहे. तथापि रस्ता सर्वच मालाला व सर्वच अंतरांना सोयीचा असतो असे नाही. रस्त्याची निवड करताना पुष्कळदा केवळ ट्रकच्या भाड्याची तुलना केली जाते. प्रत्यक्षात चढ-उतार, घट, विलंब, कागदपत्रे आणि वाटेत नुकसान झाल्यास ते कोणी सोसायचे, या बाबी भाड्यापेक्षाही अधिक महाग ठरू शकतात. या लेखात हा निर्णय मुख्यतः महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे मांडला आहे.

पार्श्वभूमी

कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांच्यामध्ये सह्याद्री उभा असल्याने महाराष्ट्रात मालवाहतुकीचा प्रश्न पूर्वीपासूनच घाटांशी जोडलेला आहे. वंजारी व लमाण यांचे बैलांचे तांडे धान्य, मीठ व कापूस यांची ने-आण करीत. माल ठरावीक रकमेत, वाटेतील जकातीसह आणि स्वतःच्या जबाबदारीवर पोहोचवून देणाऱ्यास 'हुंडेकरी' म्हणत. हा शब्द आजही काही आडनावांत टिकून आहे. वाहतूकदार केवळ गाडी पुरवितो की मालाची जबाबदारीही घेतो, हा आजच्या व्यवहारातील कळीचा प्रश्न या जुन्या शब्दाच्या अर्थातच दडलेला दिसतो.

बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून व १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग वर चढल्यावर लांब पल्ल्याचा माल रेल्वेकडे वळला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळातही देशातील बहुतांश माल रेल्वेनेच जात असे. पुढे रस्त्यांचे जाळे वाढले, ट्रकची क्षमता वाढली, कारखाने लोहमार्गापासून दूर असलेल्या औद्योगिक वसाहतींत उभे राहिले आणि हे प्रमाण उलटे झाले. २००० ते २००२ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग हे या बदलाचे अलीकडचे टप्पे होत.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याबरोबर मुंबई महापालिकेची जकात संपुष्टात आली आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर तपासणी नाकेही बंद झाले. नाक्यांवर रांगेत उभे राहण्यात जाणारा वेळ वाचल्याने लांब पल्ल्यासाठीही रस्त्याकडे ओढा वाढला.

खर्चाचा हिशेब

वाहतुकीचा खरा खर्च माल उचलल्यापासून तो ग्राहकाच्या गुदामात उतरेपर्यंत मोजावा लागतो. ट्रकच्या भाड्यात डिझेल, पथकर, चालकाचे वेतन व भत्ता, टायर, विमा आणि कर्जाचा हप्ता यांचा समावेश असतो. त्याशिवाय पाठवणाऱ्याला आवेष्टन, भरणी, उतराई, विमा व प्रसंगी थांबणूक आकार द्यावा लागतो. ठरलेल्या वेळेत गाडी रिकामी न केल्यास वाहतूकदार दर दिवशी थांबणुकीचे पैसे मागतो. सौदा करताना हा दर लिहून घेतला नसेल तर वाद ठरलेलाच.

महाराष्ट्रात चढ-उताराचा खर्च स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ अन्वये नोंदीत आस्थापनांना माथाडी मंडळामार्फत हमाली भरावी लागते व मजुरीवर लेव्हीही द्यावी लागते. या कायद्यामुळे पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधी, रजा व वैद्यकीय साहाय्य मिळू लागले. उतराईच्या वेळी ट्रकचालकाकडून घेतल्या जाणाऱ्या 'वाराई'वरून मात्र वाहतूकदार व व्यापारी यांच्यात दीर्घकाळ तंटे झाले. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा त्यांतूनच आली. ती न्याय्य आहे. परंतु वाराई कोणाकडे, हे सौद्यातच ठरविले नाही तर त्या घोषणेचा उपयोग फाटकाशी होत नाही.

मालात अडकलेले भांडवल हाही खर्चच असतो. समजा, २० लाख रुपयांचा माल वाटेत आहे आणि खेळत्या भांडवलावर वार्षिक १२ टक्के व्याज पडते. अशा वेळी प्रत्येक दिवसाच्या विलंबाचे मोल सुमारे ६५८ रुपये होते. हाच माल दोन लाखांचा असता तर ते ६६ रुपयेच भरले असते. म्हणून मौल्यवान मालाला वेगाचे महत्त्व असते, तर वाळू, कोळसा, सिमेंट यांसारख्या स्वस्त व जड मालाला भाड्याचे.

परतीचे भाडे या हिशेबात सहज निसटते. ट्रक जाताना भरलेला आणि येताना रिकामा असेल तर मालकाला दोन्ही फेऱ्यांचा खर्च एकाच भाड्यातून काढावा लागतो. हंगामात ज्या गावातून सर्वच गाड्या भरून बाहेर जातात आणि आत येणारा माल थोडा असतो, तेथे भाडे चढते. उलट ज्या शहरात माल उतरवून मोकळे झालेले ट्रक परतीच्या भाड्याची वाट पाहत उभे असतात, तेथून तोच पल्ला स्वस्तात मिळतो. माल पाठविण्याचा दिवस एक-दोन दिवसांनी पुढे-मागे करता येत असेल तर हा फरक पदरात पाडून घेता येतो.

वजन व आकारमान

केंद्र शासनाने जुलै २०१८ मध्ये मालवाहनांच्या कमाल सुरक्षित आसभाराच्या मर्यादा वाढविल्या. त्यानुसार दोन आसांच्या सहा टायरी ट्रकचे मालासह अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टन व तीन आसांच्या दहा टायरी ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टन झाले. या आकड्यांत गाडीचे स्वतःचे वजन धरलेले असते. त्यामुळे प्रत्यक्ष भरता येणारा माल त्याहून बराच कमी असतो. नोंदणीपत्रकावरील रिकाम्या गाडीचे वजन वजा करूनच तो काढला पाहिजे.

जादा भार भरल्यास भाडे वाचते असे वरवर दिसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे सोडली जात नाही. भरणी करून देणाराही या दंडाच्या कक्षेत येऊ शकतो, ही गोष्ट अनेक व्यापाऱ्यांना नोटीस आल्यावरच कळते. घाटातील उतारावर अतिभारित गाडीचे ब्रेक तापून निकामी होतात, हा धोका निराळाच.

फुगीर मालाचे गणित वेगळे असते. चिवडा-फरसाण, फोमच्या गाद्या, प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या यांनी ट्रकचा हौदा वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी भरतो. अशा मालाला वाहतूकदार आकारमानावरून भाडे लावतात.

मालाची प्रकृती: कांदा आणि द्राक्षे

नाशिक जिल्ह्यातील दोन पिके या निर्णयातील बारकावे चांगल्या रीतीने दाखवितात.

लासलगाव ही कांद्याची मोठी बाजारपेठ असून तेथे रेल्वेस्थानकही आहे. दूरच्या राज्यांत एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर कांदा पाठवायचा असेल तर रेल्वे स्वस्त पडते. परंतु झाकलेल्या वाघिणींच्या पूर्ण मालगाडीला दोन हजार टनांहून अधिक माल लागतो. इतका माल एका व्यापाऱ्याकडे एका दिवशी क्वचितच असतो. मग अनेकांनी एकत्र यावे लागते, गाडीची मागणी नोंदवून वाट पाहावी लागते, माल ट्रॅक्टर किंवा ट्रकने मालधक्क्यावर न्यावा लागतो आणि पोहोचल्यावर पुन्हा ट्रकमध्ये भरावा लागतो. प्रत्येक चढ-उतारात गोण्या आपटतात. कांद्याला हवा लागते. बंद जागेत उष्णता व ओल साचली की तो सडू लागतो. समजा, १५ टन कांद्याचा भाव किलोला २० रुपये आहे आणि वाटेतील घट ५ टक्क्यांनी वाढली, तर ७५० किलो म्हणजे १५,००० रुपयांचा माल जातो. भाड्यातील बचत याहून कमी असेल तर स्वस्त पर्याय महागात पडला असे म्हणावे लागेल. रात्री चालणारा, बाजूंनी हवा खेळणारा ट्रक दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी थेट दूरच्या मंडईत उभा राहतो आणि भाव पडल्याचे कळल्यास वाटेतूनच दुसऱ्या मंडईकडे वळविता येतो. मालगाडीला अशी मुभा नसते.

निर्यातीच्या द्राक्षांची बाब आणखी नाजूक आहे. तोडणीनंतर काही तासांत पूर्वशीतकरण करून ती शीत कंटेनरमध्ये भरली जातात. जवाहरलाल नेहरू बंदर (न्हावा शेवा) नाशिकपासून दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एवढ्या थोड्या अंतरासाठी कंटेनर रेल्वेवर चढविणे व उतरविणे यांत जाणारा वेळ प्रत्यक्ष प्रवासाहून अधिक होईल. त्यामुळे येथे रस्त्याला व्यवहार्य पर्याय जवळजवळ नाही. खरा निर्णय निघण्याच्या वेळेचा असतो. जहाजासाठी बंदराचे फाटक बंद होण्याची वेळ ठरलेली असते आणि कसारा घाटात किंवा ठाणे-भिवंडी परिसरात गाडी अडकली तर कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. शहरांत अवजड वाहनांना ठरावीक तासांत प्रवेशबंदी असते. प्रवासाचा वेळ मोजताना ते तास धरलेच पाहिजेत. शीतयंत्राला वाटेत सतत वीज किंवा डिझेल मिळेल याची खात्री आणि तापमानाची नोंद ठेवणारे उपकरण यांवर येथे काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

रेल्वे व संयुक्त वाहतूक

अंतर जितके जास्त, माल जितका जड आणि पाठवणी जितकी नियमित, तितका रेल्वेचा पर्याय बळकट होतो. एका टनामागे लागणारे इंधनही रेल्वेला कमी लागते. कारखान्याचा स्वतःचा लोहमार्ग फाटा असल्यास दुहेरी चढ-उताराचा प्रश्नही उरत नाही. दोन-चारशे किलोमीटरच्या आतील विखुरलेल्या पाठवणीसाठी मात्र रस्ताच सोयीचा ठरतो.

दोन्ही मार्ग एकत्र वापरण्याचे प्रयोगही झाले आहेत. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते गोव्यातील वेर्णा या दरम्यान भरलेले ट्रक सपाट वाघिणींवरून नेण्याची 'रो-रो' सेवा सुरू केली. कोकणातील वळणावळणाच्या महामार्गाचा पल्ला त्यामुळे टळतो, डिझेल व टायर वाचतात आणि चालकाला विश्रांती मिळते. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली 'किसान रेल' धावली. तीत लहान शेतकऱ्यांचा थोडा-थोडा मालही वाटेतील स्थानकांवर घेतला जात असे आणि फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती. सांगोल्याच्या डाळिंबांना तिचा लाभ झाला. पूर्ण गाडीभर माल नसलेल्यांसाठी रेल्वे उपयोगी पडू शकते हे तिने दाखविले, तरी सवलतीच्या भाड्यावर केलेला हिशेब सवलत नसताना लागू पडत नाही.

स्वतःचे वाहन की भाड्याचे

रोज ठरलेल्या मार्गावर माल जात असेल, दुधासारखा वेळेला बांधलेला असेल, तर स्वतःचे वाहन परवडते. माल हंगामी किंवा अनियमित असेल तर उभ्या गाडीचा हप्ता, विमा व चालकाचा पगार भाड्यापेक्षा जड होतो. शहरातल्या शहरात वाटपासाठी २००५ मध्ये आलेल्या व 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटा एस या छोट्या चारचाकीने अनेक लहान व्यावसायिकांना पहिल्यांदाच स्वतःचे मालवाहन घेण्याच्या टप्प्यात आणले. मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहनास मोटार वाहन अधिनियमाखालील परवाना लागत नाही, हीदेखील त्यामागील एक सोय आहे. वाहनाची नोंदणी, विमा, योग्यता प्रमाणपत्र व चालकाची अनुज्ञप्ती मात्र आवश्यकच असतात.

कायद्यानुसार चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांपर्यंत मर्यादित आहे. पोहोचण्याची अवाजवी वेळ ठरवून दिली की हा नियम प्रथम मोडतो आणि अपघाताची शक्यता वाढते. लांब पल्ल्याला दोन चालक घेतले तर भाडे वाढते, पण अशा वेळी ती वाढ मान्य करावी.

कागदपत्रे

मालासोबत बीजक, वाहतूकदाराची मालपावती आणि आवश्यक असल्यास ई-वे बिल असावे लागते. मालपावतीस व्यवहारात 'बिल्टी' किंवा 'एलआर' म्हणतात. आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिलाची पद्धत १ एप्रिल २०१८ पासून लागू झाली. मालाचे मूल्य ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास ते काढावे लागते; महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ही मर्यादा १ लाख रुपये आहे. ताजी फळे व भाजीपाला यांसारख्या करमुक्त मालाला ते लागत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी या बिलाची मुदत मोजली जाते. गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला तर नवा वाहन क्रमांक बिलात नोंदवावा लागतो. मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. हे राहून गेल्यास गाडी अडविली जाऊन देय कराच्या दुपटीइतका दंड होऊ शकतो. चालक रानात अडकलेला आणि बिल काढणारा कारकून सुटीवर, अशी स्थिती येऊ न देणे हे पाठवणाऱ्याचे काम आहे.

मालाची जबाबदारी व विमा

रस्त्याने माल नेणाऱ्या वाहतूकदाराची जबाबदारी 'कॅरेज बाय रोड अधिनियम, २००७' या कायद्याने ठरते. १ मार्च २०११ रोजी अमलात आलेल्या या कायद्याने १८६५ चा जुना कायदा रद्द केला. त्यानुसार सार्वजनिक वाहतूकदाराने नोंदणी करणे बंधनकारक आहे. पाठवणाऱ्याने मालाचे स्वरूप, वजन व मूल्य लिहून माल रवानगी पत्र द्यायचे आणि वाहतूकदाराने मालपावती द्यायची असते. माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर नसतो, ही पाठवणाऱ्याच्या बाजूची महत्त्वाची तरतूद होय. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, शासकीय निर्बंध यांसारख्या कारणांसाठी वाहतूकदाराला सूट आहे.

या कायद्यातील दुसरी तरतूद मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. २०११ च्या नियमांनुसार वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते आणि ती जाहीर केलेल्या मूल्याहून अधिक होत नाही. पाठवणाऱ्याने जादा जोखीम दर देण्याचे स्पष्टपणे मान्य केले असेल तरच ही मर्यादा वाढते. समजा, इचलकरंजीच्या एका लहान यंत्रमागधारकाने ४ लाख रुपयांचे कापड ६,००० रुपये भाड्याने पाठविले आणि ट्रकला आग लागून ते जळाले. दहापट म्हणजे ६०,००० रुपये. उरलेले ३,४०,००० रुपये त्याला स्वतः सोसावे लागतील. आणि लहान धंद्यात एवढ्या रकमेने माग बंद पडू शकतात. भाडे जितके घासून कमी केले, तितकी ही मर्यादाही खाली येते. शिवाय पुष्कळ बिल्ट्यांवर 'मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का असतो. तो न वाचता घेतलेली बिल्टी नुकसानीनंतर वादाचे मूळ होते.

विलंबाच्या बाबतीत, रवानगी पत्रात जो कालावधी परस्परसंमतीने लिहिलेला असेल त्या कालावधीपर्यंतच्या विलंबासाठी वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या रकमेपुरती राहते. त्यापलीकडील विलंबाला वर सांगितलेली सर्वसाधारण भरपाई लागू होते. म्हणून हा रकाना कोरा सोडू नये.

जबाबदारी आणि मूल्य यांतील ही दरी भरून काढण्यासाठी देशांतर्गत मार्गस्थ विमा घेतला जातो. त्याचे सामान्यतः तीन प्रकार असतात. सर्वात व्यापक 'अ' प्रकारात वगळलेल्या बाबी सोडून सर्व जोखमी येतात; 'ब' प्रकारात आग, टक्कर, गाडी उलटणे, पूल कोसळणे अशा नमूद घटना येतात; 'क' प्रकार आग व वीज यांपुरता मर्यादित असतो. नेहमी माल पाठविणारे दर फेरीला पत्र न काढता वर्षभराचा खुला विमा घेतात. मालाची स्वाभाविक घट, त्याचा अंगभूत दोष, अपुरे आवेष्टन आणि केवळ विलंबामुळे झालेले नुकसान सहसा कोणत्याही प्रकारात भरून मिळत नाही. कांदा-भाजीपाल्याच्या व्यापाऱ्याला विम्याचा भरवसा कापडवाल्याइतका का धरता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

माल पोहोचल्यावर मोजून व तपासून घ्यावा. तूट, ओल किंवा फाटलेल्या गोण्या आढळल्यास बिल्टीच्या प्रतीवर चालकासमक्ष तसा शेरा लिहावा, छायाचित्रे घ्यावीत आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. 'माल सुस्थितीत मिळाला' अशी सही करून ताडपत्री काढल्यानंतर केलेली तक्रार फार दुबळी ठरते. वाहतूकदाराविरुद्ध दावा लावण्यापूर्वी माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस देणे कायद्याने आवश्यक आहे. ही मुदत माल पोहोचल्यापासून नव्हे, तर नोंदविल्यापासून मोजली जाते.